अरुंद मानेतली वाटणी

आपल्या पेशींचे विभाजन होताना केंद्रकाचे आवरण विरून जाते. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये ते शाबूत राहते. आईपेशीच्या अंगावर कलिका धरते, केंद्रक लांबत लांबत दोघींमधल्या अरुंद मानेत शिरते, अर्धे पलीकडे जाते आणि मध्ये बारीक होऊन तुटते. केंद्रकात हिरवे चमकणारे प्रथिन घालून टिपलेली ही चित्रफीत कितीही वेळा पाहिली, तरी माझी नजर त्या मानेवरून हलत नाही. काय पलीकडे जाणार आणि काय अडणार, ते तिथेच ठरते.

गुणसूत्रांचा हिशेब चोख : १६ आईला, १६ लेकीला. बाकीची वाटणी इतकी सरळ नाही. १२व्या गुणसूत्रावर रायबोसोमच्या आरएनएची जनुके शंभर ते दोनशे वेळा एकापुढे एक आलेली असतात. त्यांतला एखादा तुकडा सुटतो, त्याची कडी होते आणि पेशीच्या प्रत्येक फेऱ्यात तिच्या प्रती निघत राहतात. या कड्या आईकडेच साचतात. डेव्हिड सिंक्लेअर आणि लेनर्ड ग्वारेंटे यांनी १९९७ मध्ये दाखवले, की तरुण पेशीत अशी कडी मुद्दाम घातली तर तिचे आयुष्य घटते. आई साधारण पंचवीसेक लेकींना जन्म देऊन थांबते. लेक मात्र आपले वय शून्यापासून मोजू लागते. अगदी उतारवयात झालेल्या लेकी तेवढ्या अल्पायुषी निघतात. तोवर कड्या आईकडेच अडवण्याची ही राखण ढिली पडलेली असते.

यात आईचा त्याग पाहण्याचा मोह मलाही होतो. पण गुणसूत्रे ओढणाऱ्या तर्कूच्या दोन टोकांपैकी एक जुने, एक नवे असते, आणि लेकीकडे बहुधा जुनेच जाते! जुने आईचे, नवे लेकीचे, असा सरसकट नियम इथे नाही. निवड याहून बारीक आहे, आणि मला तीच अधिक भावते.

उपासमार झाली, की द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली यीस्ट वेगळी वाट धरते. एका केंद्रकातून चार बीजाणूंची केंद्रके घडतात. केंद्रकाच्या आवरणातली बहुतेक जुनी द्वारे, त्या कड्या, साचलेली बिघडलेली प्रथिने या चौघांबाहेर राहतात. मग पेशीची रिक्तिका फुटते आणि तिच्यातली पाचक विकरे हा सगळा साठा संपवतात. अँजेलिका अमॉन यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखवले होते, की म्हाताऱ्या पेशीचे बीजाणूही तरुण पेशीच्या बीजाणूंइतकेच जगतात. इथे ओझे सांभाळायला आई मागे उरतच नाही. तिची सगळी गुणसूत्रे चौघांत वाटली गेलेली असतात.