टोपीचें माप

मराठी भाषेंत एखाद्यास 'टोपी घालणें' म्हणजे त्यास फसविणें. हा वाक्प्रचार कसा रूढ झाला तें असो. पण माप न घेतां विणलेली टोपी ज्याच्या वांट्याला आली असेल, त्याला त्याचे दोन्ही अर्थ एकाच वेळीं कळले असतील. अशी टोपी एक तर भुंवयांवर उतरते व वारंवार मागें सारावी लागते, किंवा इतकी तोकडी असते कीं कान झांकण्यासाठीं ओढली म्हणजे लागलीच टाळूवर चढून बसते. विणणारीनें श्रम केलेले असतात, दोरा उत्तम असतो, रंगही मनाजोगा असतो. तरी टोपी दोन दिवसांत पेटीच्या तळाशीं जाते. सदरा थोडा सैल असला तरी चालतो, शालीला तर मापाची फारशी पर्वा नसते. टोपीला मात्र डोक्याशीं खरें वागावें लागतें.

क्रोशाचें काम आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस अपरिचित नाहीं. मेजावरचे रुमाल, दारावरचीं तोरणें, पाण्याच्या भांड्यावरचीं मणी लावलेलीं झांकणें हीं पुष्कळ घरांत आजीच्या हातचीं म्हणून अजून जपून ठेवलेलीं आढळतात. 'क्रोशे' हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहानसा आंकडा असा आहे. दोन सुयांच्या विणकामांत ओळींतले सगळे टांके सुईवर जिवंत असतात. क्रोशांत बहुधा एकच टांका सुईवर असतो व मागचे सर्व आपापल्या जागीं पक्के झालेले असतात. दोन सुयांच्या विणकामासारखें काम करणारें यंत्र इंग्लंडांत विल्यम ली यानें १५८९ सालींच बनविलें. क्रोशाचें काम मात्र आजही मनुष्याच्या हातानेंच होतें. ही केवळ फावल्या वेळची करमणूक आहे, असेंही कोणीं समजूं नये. आयर्लंडांत १८४५ सालीं बटाट्याचें पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हां तेथील कित्येक कुटुंबांची चूल क्रोशाच्या जाळीवर पेटत होती. आणि आपल्याकडे आंध्रांतील नरसापूरच्या परिसरांत मिशनरी कुटुंबांनीं एकोणिसाव्या शतकांत लावून दिलेली ही कला अद्यापि हजारों स्त्रियांच्या हातीं आहे.

गेल्या वर्षीं आमच्या शाळेंत हा विषय हस्तकलेच्या तासापुरता राहिला नाहीं. वरच्या इयत्तेंतील एक विद्यार्थिनी दीर्घ आजारावरील उपचार घेऊन हिवाळ्याच्या तोंडीं वर्गांत परतली. ज्या औषधांनीं रोगाला हटविलें, त्याच औषधांनीं तिचे केसही नेले होते. देशावरची पहांटेची थंडी केस नसलेल्या डोक्याला कशी झोंबते, हें ज्यानें अनुभविलें त्यालाच ठाऊक. तिच्या घरच्यांनीं बाजारांतून लोकरीची टोपी आणली होती. परंतु ती नाजूक झालेल्या त्वचेला टोंचे, आणि केसांचा आधार नसल्यामुळें जागेवर राहत नसे. मुलगी लिहावयास वांकली कीं टोपी पुढें घसरे, आणि ती चटकन् डाव्या हातानें तिला धरी. उजवा हात लेखणीवर आणि डावा टोपीवर, अशा स्थितींत तिचे तासामागून तास जात. तिला थंडीपेक्षां त्या घसरण्याचेंच भय अधिक होतें, हें कोणीं सांगावयास नको होतें.

तिच्या मैत्रिणींनीं क्रोशाची टोपी विणून देण्याचें ठरविलें व ती गुपचूप विणून एके दिवशीं अचानक तिच्या हातीं द्यावी असा बेत केला. हेतु निर्मळ होता. तथापि आम्हीं त्यास संमति दिली नाहीं. गुपचूप विणलेली टोपी बहुधा गुपचूपच ठेवून दिली जाते. ज्याच्यासाठीं वस्तु करावयाची त्यास विचारावें, आणि विचारतांना त्यास ओशाळें वाटूं नये अशी वेळ निवडावी, हा या कामांतला पहिला टांका होय. आम्हीं तिला शाळा सुटल्यावर एकटीलाच विचारलें. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बाई, चालेल. पण माप मीच मोजून आणतें." आम्हीं फीत तिच्या हातीं दिली व रीत सांगितली: भुंवयांच्या किंचित् वरून व मागें डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर आलेला असतो त्यावरून फीत न्यावी, ती आवळूं नये, पण सैलही सोडूं नये. पलीकडच्या खोलींत जाऊन ती परत आली व कागदाचा एक कपटा आमच्या हातीं दिला. त्यावर 'साडेवीस इंच' एवढेंच लिहिलें होतें.

आतां येथून पुढें गणिताचें राज्य सुरू झालें. टोपी डोक्याएवढी विणली तर ती डोक्यावर ठरत नाहीं. ती थोडी लहान असून ताणून बसली पाहिजे. लोकर चांगली ताणते व पुन्हां आंखडते, म्हणून लोकरीच्या टोपीसाठीं दीड-दोन इंच कमी धरतां येतात. आम्हांस मऊ सुती दोरा घ्यावयाचा होता. त्याला तेवढी लवचिकता नसते, म्हणून आम्हीं एकच इंच वजा केला. परीघ साडेएकोणीस इंच ठरला. त्यास ३.१४ नें भागलें असतां व्यास सुमारें सव्वासहा इंच येतो. टोपीचा माथा म्हणजे एक सपाट वर्तुळ. तें सव्वासहा इंचांचें होईपर्यंत टांके वाढवीत जावयाचें, आणि मग वाढविणें थांबवावयाचें. टोपी डोक्याला बसणें न बसणें मुख्यतः या एका आंकड्यावर अवलंबून असतें.

परंतु सव्वासहा इंच म्हणजे टांके किती? याचें उत्तर पुस्तकांत नसतें. तें विणणारीच्या बोटांत असतें. आम्हीं चार मुलींस एकाच गुंडीचा दोरा व चार मिलिमीटरची एकाच प्रकारची सुई देऊन खांबाच्या टांक्याचा एकेक चौकोनी नमुना विणावयास सांगितला. चार इंचांत एकीचे पंधरा खांब भरले, दोघींचे सोळा, आणि चौथीचे अठरा. हात सैल असणें किंवा घट्ट असणें हा दोष नव्हे. अक्षरासारखें तें ज्याचें त्याचें असतें. मात्र त्याचा परिणाम पाहा. चार इंचांत सोळा, म्हणजे इंचाला चार खांब धरले तर साडेएकोणीस इंचांस अठ्ठ्याहत्तर खांब लागतात. तेच अठ्ठ्याहत्तर खांब घट्ट हाताच्या मुलीनें घातले असते, तर टोपी सव्वासतरा इंचांच्या आसपास भरून तिनें कपाळावर वळ उठविला असता. सैल हाताच्या मुलीची टोपी जवळजवळ एकवीस इंच, म्हणजे डोक्याहूनही मोठी झाली असती. आणि पुन्हां तो डावा हात टोपीवर गेला असता. एका तासाचा नमुना वांचविण्यासाठीं सबंध टोपी वायां घालविणें यांत शहाणपण नाहीं. ज्यांचा हात घट्ट असेल त्यांनीं सुई जाड घ्यावी, सैल असेल त्यांनीं बारीक घ्यावी. हात बदलण्याच्या भरीस पडूं नये.

मग काम असें चाललें. चार साखळ्यांचें कडें करून त्यांत बारा खांब घातले. दर फेरीच्या आरंभीं तीन साखळ्या एका खांबाच्या जागीं धरल्या. पुढें दर फेरीस बारा खांब वाढवीत नेले: चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ, बहात्तर. सातव्या फेरींत सहाच वाढविले, तेव्हां अठ्ठ्याहत्तर झाले व कडा आपोआप खालीं वळूं लागली. पुढच्या सहा फेऱ्या न वाढवितां विणल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत एक खांब पुढून व एक मागून उचलीत गेल्यानें काठावर ताणणाऱ्या उभ्या पट्ट्या आल्या. एकूण पंधरा फेऱ्या व माथ्यापासून काठापर्यंत साडेसात इंच उंची.

एका मुलीनें विचारलें कीं, दर फेरीस बाराच कां? प्रश्न फार चांगला होता. आमच्या नमुन्यांत खांबाची एक ओळ अर्धा इंच उंच होती. म्हणजे प्रत्येक फेरीनें त्रिज्या अर्धा इंच वाढते, व्यास एक इंच वाढतो आणि परीघ ३.१४ इंच वाढतो. इंचाला चार खांब, म्हणून बारा-साडेबारा खांब हवेत. मुका खांब जवळजवळ रुंदीइतकाच उंच असतो, म्हणून तेथें सहाच पुरतात. यापेक्षां कमी वाढविले तर वर्तुळाची वाटी होते. अधिक वाढविले तर त्याला झालर येते. दोन मुलींनीं हे दोन्ही प्रकार सरावांत करून दाखविले, व वर्गांत बराच हंशा पिकला. पण झालर म्हणजे केवळ फजिती नव्हे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनीं १९९७ सालीं बुद्ध्याच ठराविक प्रमाणांत टांके वाढवीत जाऊन तशी झालर विणली, आणि ज्या पृष्ठावर एका बिंदूंतून दिलेल्या रेषेस अनेक समांतर रेषा काढतां येतात, तें पृष्ठ विद्यार्थ्यांच्या हातांत ठेवलें. क्रोशाची सुई भूमितीच्या वर्गांत परकी नाहीं, हें त्या दिवशीं आमच्या मुलींना पटलें.

टोपी चार दिवसांत तयार झाली. तिला देतांना कोणतेंही भाषण झालें नाहीं. तिनें ती घातली, मान खालीं घातली, डोकें दोन्हीकडे हालविलें. टोपी हालली नाहीं. नंतर ती आपल्या बांकावर जाऊन लिहूं लागली. त्या तासांत तिचा डावा हात वहीवर होता. आम्हीं जें पाहावयाचें होतें तें पाहिलें व फळ्याकडे वळलों.

उन्हाळ्यापर्यंत तिचे केस पुन्हां येऊं लागले. जून महिन्यांत ती आमच्याकडे आली व टोपी उसवूं का म्हणून विचारूं लागली. क्रोशाचा हा एक मोठा गुण आहे: शेवटची गांठ सोडून दोरा ओढला कीं सगळें काम सुरळीत उलगडतें, व दोरा दुसऱ्या कामास लागतो. तपासणीसाठीं मुंबईस गेली असतां तिला रुग्णालयांत एक लहान मुलगा भेटला होता. त्याच्यासाठीं तिला टोपी विणावयाची होती. आम्हीं विचारलें, "माप काय?" तिनें कंपासपेटींतून पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा काढला. त्याला दोन ठिकाणीं गांठी होत्या. ती म्हणाली, "आधीं त्याला विचारलें, बाई, मग मोजलें."

विद्यार्थिमित्रहो, उपकार करण्याची इच्छा जगांत दुर्मिळ नाहीं. दुर्मिळ आहे तें माप. तें प्रथम विचारावें, मग मोजावें, आणि त्यानंतरच सुई हातीं धरावी.