घोड्यावर बसण्याआधी

घोड्याचे बहुतेक शिक्षण माणूस त्याच्या शेजारी जमिनीवर उभा असतानाच होते. मोरकी घालून घेणे, दोरीच्या इशाऱ्यावर चालणे नि थांबणे, मागे सरणे, खूर उचलून देणे, अनोळखी आवाजाजवळ शांत उभे राहणे हे सगळे धडे पाठीवर खोगीर चढण्याआधीचे. यातला एखादा कच्चा राहिला तर तो पुढे रस्त्यावर, स्वार पाठीवर असताना उघडा पडतो.

अहमदपूर, लोहा, कंधार या बालाघाटच्या पट्ट्यात घोडा आज दिसतो तो वरातीत, धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर, नाहीतर एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या गोठ्यात. त्याचा मोठा बाजार नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाच्या यात्रेत भरतो. माझी घोडी तिथलीच. बाजारात घोडा नाचवून, पळवून दाखवतात आणि गिऱ्हाईक त्यावर भुलते. खरी परीक्षा मात्र घोडा उभा असताना होते. अनोळखी माणूस खांद्याजवळ आला तर तो कान मागे पाडतो का, चारही खूर उचलू देतो का, मोरकी धरून मालकापासून दहा पावले दूर नेता येतो का, हे पाहावे. नाचणाऱ्या घोड्यापेक्षा निवांत उभा राहणारा घोडा नवशिक्यासाठी कितीतरी मोलाचा. दात पाहून वय ताडावे. पाचव्या वर्षाच्या सुमारास पुढचे सगळे कायमचे दात येऊन तोंड पुरे भरते. पाठीच्या मणक्यांची वाढही साधारण तेवढ्याच वयापर्यंत चालते, म्हणून दोन वर्षांच्या शिंगरावर माणूस बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. न दिसणाऱ्या जागा दोनच, कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे. म्हणून त्याच्याकडे जाताना तिरके, डाव्या खांद्याच्या रोखाने, बोलत जावे. मागून पलीकडे जायचे असेल तर एकतर पुठ्ठ्यावर हात ठेवून अंगाला चिकटून जावे, नाहीतर लाथ पोचणार नाही इतके लांबून. मधले अंतर सर्वांत धोक्याचे, कारण लाथेचा पूर्ण जोर तिथेच बसतो.

शिकवण्याचे मूळ तत्त्व दाब आणि सुटका हे आहे. दोरीने पुढे हलका ताण द्यायचा आणि घोड्याने एक पाऊल टाकताच त्याच क्षणी दोरी सैल सोडायची. घोडा शिकतो तो सुटकेतून. ताण तसाच राहिला तर पाऊल टाकून काही मिळाले नाही एवढेच त्याला कळते, आणि पुढच्या वेळी तो मान ताठ करून ओढतो. चाबकाने काम लवकर झाल्यासारखे वाटते, पण त्यातून घोडा माणसाच्या हाताला भिणे तेवढे शिकतो. दोरी कधीही हाताला वेढू नये; घडी करून मुठीत धरावी. बिथरलेला घोडा वेढलेल्या दोरीसकट माणसाला फरपटत नेतो आणि बोटे तुटतात. बांधताना पक्का खांब किंवा झाड पाहावे, उंची त्याच्या छातीच्या वर असावी आणि एक टोक ओढताच सुटेल अशी गाठ मारावी. पत्र्याला, फाटकाला किंवा उभ्या दुचाकीला बांधलेला घोडा दचकला की ते सगळे मागे घेऊन पळतो.

यानंतर मागे सरणे आणि पुठ्ठे बाजूला नेणे. बरगड्यांच्या मागच्या भागावर बोटांनी दाब दिल्यावर घोड्याने मागचा आतला पाय दुसऱ्या पायासमोरून ओलांडून टाकायला हवा. हा धडा साधा दिसतो, पण पुढे जीव वाचवतो. उधळलेल्या घोड्याचा जोर मागच्या पायांत असतो. एका बाजूचा लगाम हळूहळू आखडून मान वळवली आणि पुठ्ठे फिरले की तो जोर मोडतो. जमिनीवर न शिकलेल्या घोड्यावर हा उपाय भर वेगात पहिल्यांदा करायला गेले तर तो पडण्याचीच भीती. मग लांब दोरीवर गोल फिरवणे, म्हणजे कावा देणे, दोन्ही हातांना सारखेच. ते थोडा वेळच द्यावे, कारण लहान गोलात सतत फिरण्याने सांध्यांवर ताण येतो. काळ्या रानात पावसानंतर हे करू नये. चिखल खूर धरून ठेवतो.

भीती काढण्याच्या कामाला सर्वांत जास्त दिवस लागतात. माझी घोडी सोयाबीनच्या मळणी यंत्राला भ्यायची. आवाज कानी पडला की मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, जागच्या जागी थयथयाट. तिला यंत्राजवळ ओढत न्यायचे नाही, एवढे पहिल्यापासून ठरवले होते. यंत्र चालू असताना ती जिथे कान टवकारून पाहत असे, पण चरणे सोडत नसे, तिथे आम्ही उभे राहायचो. ती मान खाली घालून कडब्याला तोंड लावू लागली की लगेच तिला तिथून मागे न्यायचे आणि नंतर थोडे पुढून पुन्हा सुरू करायचे. अंतर कमी करत नेण्याचा निर्णय दर वेळी तिच्या कानांवरून आणि श्वासावरून घेतला. डावीकडून सवय झाल्यावर उजवीकडून सगळे पुन्हा केले, कारण एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने दिसली की ती नव्याने दचकायची. सुगी संपता संपता ती यंत्राच्या बाजूने दोरी सैल ठेवून चालू लागली. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे 2,400 वर्षांपूर्वी घोड्यांवर लिहिलेल्या ग्रंथातही हाच मार्ग आहे: रागात घोड्याला हात लावू नये आणि ज्याला तो बुजतो त्या वस्तूपाशी त्याला हळूहळू न्यावे. वरातीच्या घोड्यांना मात्र कित्येकदा थेट डीजे आणि फटाक्यांत उभे करतात. तो घोडा निमूट दिसतो, पण आतून तो थिजलेला असतो, आणि असा घोडा कधी उसळेल याचा नेम नसतो. पाठीवर बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला नवरदेव असतो आणि पुढ्यात एखादे लहान मूल.

स्वारीच्या वेळी वजनाचा हिशेब आधी करावा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भरू नये. 300 किलोच्या घोड्यावर म्हणजे 60 किलो, तेही सपाटीवर. दख्खनी बांध्याचे घोडे काटक असले तरी आकाराने लहान असतात, याचा विसर पडू देऊ नये. तंग एकदम आवळू नये. तो टप्प्याटप्प्याने आवळावा आणि चार पावले चालवून पुन्हा पाहावा, कारण कित्येक घोडे खोगीर कसताना पोट फुगवून धरतात. रिकिबीत पायाचा चवडाच असावा आणि टाचेचे बूट घालावेत, म्हणजे पडताना पाय अडकून माणूस फरपटणार नाही. हेल्मेट दर वेळी हवे. आधी चाल, मग दुडकी. थांबणे आणि मागे सरणे पाठीवरूनही पक्के झाल्याशिवाय घोडा पळवू नये.

हिवाळ्यात अहमदपुरातून जाणाऱ्या महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, म्हणून घोडी शिवारातल्या गाडीवाटेनेच नेणे बरे. डांबर ओलांडावेच लागले तर उतरून, स्वतः वाहनांच्या बाजूला राहून तिला हाताने न्यावे. नाल मारलेला खूर गुळगुळीत डांबरावर घसरतो. उन्हाळ्यात काम सूर्य वर येण्याआधी आटपावे. परतताना शेवटचा टप्पा चालीनेच करावा, श्वास संथ झाल्यावर खोगीर उतरवावे, पाठ आणि तंगाची जागा चोळून पाहावी, खुरांतले खडे काढावेत. पाणी थोडे थोडे करून पण पोटभर द्यावे, आणि भिजवलेला हरभरा तासभराने. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे एकदम भरलेल्या पोटाचा शूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. तो पोटाकडे वळून पाहू लागला, जमीन उकरू लागला किंवा लोळू लागला तर खाणे काढून घेऊन लगेच पशुवैद्यकाला बोलवावे.