लोखंड ऐकणारं यंत्र

आमच्या गावात मी गुप्तधन शोधतो अशी बोलवा आहे. कानाला हेडफोन, हातात दांडा, दांड्याच्या टोकाला ताटलीएवढं कडं, असा म्हातारा माणूस दिवस मावळताना बांधाने फिरताना दिसला तर लोक दुसरं काय म्हणणार? पारावरून कुणी तरी विचारतंच, "आबा, किती हंडे घावले?" मी सांगतो, "बैलाच्या तीन पत्र्या आणि पकडीचा अर्धा जबडा." खरोखर तेवढंच घावलेलं असतं.

लोकांचंही चुकत नाही. जोगलटेंभी, गोदावरी-दारणेच्या संगमावरचं गाव, आमच्या निफाड तालुक्याला लागूनच आहे. तिथे १९०६ साली चांदीची नाणी निघाली, तेरा हजारांच्या वर. नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या दोन-तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला. हरलेल्या राजाचा पैसा फेकायचा नाही, त्यावरच आपला शिक्का उठवायचा. शेतकऱ्याला पटण्यासारखा हिशोब आहे. तेव्हापासून या पट्ट्यात नांगराला काही खणकन लागलं की गड्याच्या पोटात गोळा येतो. एकदा दोघेजण मोटारसायकलवर यंत्र भाड्याने मागायला आले, संगती एक भगत. मी त्यांना सांगितलं की दहा रुपयांच्या वरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ सालापासून तसा कायदा आहे. ते चहा न घेताच गेले.

माझं यंत्र तारेसाठी आहे.

२००९ च्या पावसाळ्यात आमची चंद्री गेली. संकरित गाय, दोन्ही वेळचं मिळून सोळा लिटर दूध. आधी रवंथ कमी झाला, मग दूध निम्म्यावर आलं. पुढच्या पायांचे कोपरे बाहेर काढून, पाठीची कमान करून उभी राहायची. उताराला चालायला बघायची नाही. मी पोटफुगी समजून तेल पाजलं आणि आठवडा घालवला. गळ्याखालची पोळी पाणी भरून लटकली तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छातीखाली मूठ दाबली, ती कण्हली. "हिने तार खाल्लीय," ते म्हणाले. "काळजापर्यंत गेली असणार."

तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी उघडून दाखवलं. गाय शेळीसारखी निवडून खात नाही, जिभेने घास ओढते आणि अर्धवट चावून गिळते. जड वस्तू दुसऱ्या पोटात जाऊन बसते. ते आतून जाळीदार असतं, आणि त्याच्या पुढे पडद्यापलीकडे लगेच काळीज. तार पडदा फोडून गेली होती, काळजाभोवती पू झालेला. चार बोटं लांब तुकडा. एका टोकाला दोन पीळ. मांडवाची तार आवळली की शेवटचं टोक पकडीने दोनदा पिळून तोडायची, ही सवय माझी. खरड छाटणीनंतर मीच मांडव आवळला होता आणि त्याच ओळींमधलं गवत मीच कापून तिला टाकलं होतं. आमच्या मंडळींनी तो तुकडा हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. बोलली काही नाही.

मोठ्या दवाखान्यात छातीला लावलं की वाजतं असं यंत्र असतं, हे डॉक्टर जाता जाता बोलले होते. ते डोक्यात राहिलं. दोन-तीन वर्षांनी अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात पंप धुंडाळताना जळक्या मोटारींच्या ढिगाखाली एक दांडा दिसला. मेटल डिटेक्टर, कंपनीची पट्टी झिजून गेलेली. चारशे रुपयांत दिला.

दहावीनंतर मी लासलगावात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं बसलो होतो. ती विद्या इथे कामी आली. बॅटरीच्या स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या; लिंबू चोळून, पॉलिश पेपर मारून उजळल्या. कपॅसिटर वाळून गेलेले, ते सगळे बदलले. बटण फिरवलं की कर्कर, तिथे आतली कार्बनची पट्टी पुसली. दांडा दुमडतो त्या जागी केबल आतून तुटलेली होती, ती शोधायला दोन रात्री गेल्या. आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर निघाले, जुन्या रेडिओत एसी १२८ असायचा त्या जातीचे. ते मात्र मी हलवले नाहीत.

अशा जुन्या यंत्रात दोन स्वर असतात. एक पेटीत स्थिर, दुसरा ताटलीतल्या तांब्याच्या वेटोळ्यावर अवलंबून. भजनात दोन वीणा जवळजवळ जुळतात पण पुरत्या जुळत नाहीत, तेव्हा वँव-वँव असा हेलकावा येतो ना, तोच हेडफोनात ऐकू येतो. वेटोळ्याजवळ धातू आला की दुसरा स्वर सरकतो आणि हेलकावा बदलतो. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा शेजारी मिडियम वेव्हवर रेडिओ लावून ठेवला होता. काटा फिरवता फिरवता एका जागी शीळ आली. यंत्र जिवंत होतं! रात्रीचे बारा वाजले होते, तरी मी मंडळींना उठवलं.

बागेत नेलं तर सगळाच गोंधळ. डोक्यावर तारा, दोन्हीकडे लोखंडी अँगल, यंत्र नुसतं ओरडतंय. पुढे वाचलं की टेलिफोनवाल्या बेलचीही हीच गत झाली होती. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला त्याने असंच यंत्र बनवलं, आणि पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्याला चकवलं. डॉक्टरांनीही त्याला उजवीच बाजू तपासू दिली. गोळी निघाली डावीकडे. अध्यक्ष वाचले नाहीत. बेलकडे नव्हती ती वस्तू माझ्याकडे होती, लाकडी बाज, काथ्याने विणलेली. मग गवत यंत्राकडे आणायचं ठरलं. बाज अंगणात लोखंडापासून लांब टाकायची, तिच्यावर गवताचा पातळ थर पसरायचा आणि वरून ताटली फिरवायची. पहिल्याच महिन्यात सात तुकडे निघाले. त्यातल्या पाचांना दोन पीळ होते.

पण म्हाताऱ्या यंत्राला ऊन सोसेना. सकाळी लावलेला स्वर अकरा वाजता घसरायचा. आमच्या काळ्या मातीत लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात, ओहोळाच्या वाळूत चुंबक फिरवला तर दाढी उगवते. त्यामुळे बांधाच्या जमिनीवरही ते कण्हत राहायचं. शेवटी नवं घ्यायला नाशिकला गेलो.

दुकानदाराने पडदा आणि आकडे असलेलं भारी यंत्र काढलं. "याची खासियत बघा," म्हणाला, "लोखंडाला हे ढुंकूनही विचारत नाही. खिळे, तारा सगळं गप्प. फक्त सोनं, चांदी, तांबं." मी खिशातून तारेचा तुकडा काढून ताटलीखाली धरला. गप्प. त्याच्या अंगठीवर मात्र गाणं म्हणालं. मी म्हटलं, "मला उलटं पाहिजे." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानेच मेनूत शोधून ती निवड बंद केली, सगळ्या धातूंना वाजायची मोकळीक दिली, तशी तार वाजली. मोठी ताटली खोल जाते पण बारीक तुकडा तिला नीट समजत नाही, म्हणून लहान ताटलीचं, त्याच जातीतलं स्वस्त यंत्र घेतलं. चौदा हजार गेले. घरी सांगताना मी नऊ सांगितले.

गाईच्या छातीला लावून बघायची हौसही फेडून घेतली. वाजलं. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "खातेपिते ना? मग राहू द्या. चांगल्या धडधाकट गाईंच्याही पोटात लोखंड असतं. तुमचं यंत्र आहे एवढंच सांगतं, टोचतंय का ते नाही सांगत." मग त्यांनी एकेकीला बोटाएवढा चुंबक गिळवला. तो जन्मभर त्या जाळीच्या पोटात बसतो आणि गिळलेली तार आपल्याला चिकटवून ठेवतो. कुणाला दिला, कुणाला राहिला हे विसरलं तर छातीशी होकायंत्र धरायचं, काटा फिरतो. नातवाने जत्रेतून आणलेलं होकायंत्र आता गोठ्यातच खुंटीला असतं.

बाज रोज पडते. तार तोडताना कमरेला पिशवी बांधतो, तरी महिन्याला एखादा तुकडा निघतोच. आणि गोठ्यात यंत्र चालू केलं की आता चारही गाई वाजतात.