भीमाकाठची दैनंदिनी : काष्टी ते मेहेराबाद

शनिवार, काष्टी

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो, म्हणून हा प्रवास शनिवारीच सुरू करावा लागतो. दौंड-नगर रस्त्यावरच्या या गावात त्या दिवशी बैल, संकरित गाई, म्हशी आणि शेळ्या टेम्पोतून उतरू लागतात. समुद्रकाठच्या सुट्टीत बहुतेक गोष्टी पाहुण्यांसाठीच मांडलेल्या असतात. इथे पाहुण्यासाठी काहीच मांडलेले नसते आणि हेच या बाजाराचे मोठे आकर्षण.

बैल घेणारा आधी दात पाहतो. एका हाताने वेसण धरून दुसऱ्या हाताने खालचा ओठ ओढला, की जनावर आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेले, ते कळते. बैलाला समोरचे दात खालच्या जबड्यातच असतात. कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांत येते. आठही दात आले की जनावर जुळले. मग त्याला चार पावले चालवून खूर आणि चाल बघायची. जुन्या पद्धतीचा सौदा टॉवेलाखाली होतो. दोघे हातात हात घेऊन बोटे दाबतात, आकडा त्या दोघांतच राहतो आणि व्यवहार ठरला की इसार दिला जातो. अशा वेळी प्रवाशाने मध्ये बोलू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा मांडून बसलेल्या दुकानदारांशी मात्र निवांत गप्पा होतात.

रविवार, पेडगाव

पेडगावचा भुईकोट भीमेच्या काठावर आहे. औरंगजेबाचा सरदार बहादूरखान याच्या नावावरून त्याला बहादूरगड म्हणत. आता तो धर्मवीरगड म्हणून ओळखला जातो. फेब्रुवारी 1689 मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना इथे आणले गेले. त्यांची इथे झालेली विटंबना मराठी माणसाला विसरता येत नाही. किल्ल्यातले लक्ष्मी-नारायणाचे मंदिर त्याच्या कितीतरी आधीचे, यादवकालीन शैलीचे. त्याच्या भिंतींवरच्या मूर्ती सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतात, म्हणून लवकर पोचावे.

सोमवार, सिद्धटेक

अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा गणपती सिद्धटेकचाच. कर्जत तालुक्यातले हे देऊळ भीमेच्या उत्तर तीरावर, टेकडीवर आहे. गाभाऱ्याचे काम अहिल्याबाई होळकरांनी करवले. मधु-कैटभांशी लढताना विष्णूने इथे गणेशाची आराधना केली, अशी कथा आहे. मूर्ती टेकडीला लागून असल्याने पूर्ण प्रदक्षिणा घालायची तर साऱ्या टेकडीला वळसा घालावा लागतो. ही वाट सुमारे पाच किलोमीटरची. गाडीतून उतरून दर्शन घेणारे बहुतेक जण ती टाळतात आणि यात्रेतला सर्वात आरोग्यदायी भाग गमावतात. उन्हाआधी निघावे, पाणी जवळ ठेवावे आणि घाई करू नये.

मंगळवार, श्रीगोंदा

श्रीगोंद्यात संत शेख महंमदांचे समाधिस्थान आहे. मुसलमान घरात जन्मलेल्या या संताने ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला आणि वारकरी मंडळींनी त्यांना आपले मानले. तालुक्याच्या गावी दिवसभर रमण्यासारखे बाकी थोडेच आहे. दुपारी नगरची वाट धरावी.

बुधवार, मेहेराबाद

नगरच्या अलीकडे, दौंड रस्त्यावरच, अरणगावला मेहेरबाबांचे मेहेराबाद लागते. 1894 मध्ये पुण्यात इराणी कुटुंबात जन्मलेल्या मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत ते सोडले नाही. आधी ते अक्षरफलकावर बोट ठेवून बोलत. 1954 मध्ये फलकही बाजूला ठेवला, पुढे केवळ हातांच्या खुणा. दौंड-मनमाड रेल्वेमार्गाने मेहेराबादचे दोन भाग केले आहेत; समाधी वरच्या टेकडीवर. तिथे सकाळ-संध्याकाळ आरती होते. देशोदेशींचे भक्त आणि आसपासच्या गावांतली माणसे तिला एकत्र उभी राहतात.

10 जुलैला भक्त दिवसभर मौन पाळतात. 31 जानेवारीच्या अमरतिथीला मोठी गर्दी लोटते. ज्याला निवांतपणा हवा, त्याने ते दिवस टाळून यावे. यात्रेकरूंच्या निवासाची सोय उन्हाळ्यात बंद असते, त्यामुळे पावसाळा किंवा थंडीचे दिवस धरावेत आणि खोलीची नोंदणी आधी करावी.