पस्तीस दिवस अधिक पंचवीस दिवस

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई, आणि पुढे सुरूरला हमरस्ता. उजव्या हाताला साताऱ्याची एमआयडीसी, डाव्या हाताला खंबाटकीपलीकडे शिरवळ. घाटमाथ्यावरच्या आणि जावळी खोऱ्यातल्या गावांनी कारखान्याची नोकरी तीन पिढ्या पाहिली आहे. आजोबा मुंबईच्या गिरणीत, वडील साताऱ्याला, नातू शिरवळला. राजीनामा द्या आणि रक्कम घ्या, असं सांगणारा कागद तिन्ही पिढ्यांच्या ओळखीचा. कामगार कायद्याचा सल्लागार म्हणून हे कागद वाचून देणं आणि त्यातला हिशोब उलगडून दाखवणं हे माझं रोजचं काम आहे.

मंदी कारखान्यात पायरीपायरीनं येते. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग कॉन्ट्रॅक्टवरची मुलं कमी होतात, तिसरी शिफ्ट थांबते, ले-ऑफ सुरू होतो. शेवटी बोर्डावर व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेची, नोटीस लागते आणि पर्मनंट कामगारांना एकेकट्याला केबिनमध्ये बोलावणं येतं. पहिल्या पंधरा दिवसांत अर्ज दिलात तर जादा रक्कम, असंही त्यात बऱ्याचदा असतं. बाहेर कुठेच भरती नाही, नेमक्या त्याच दिवसांत कामगारानं नोकरी सोडायचं ठरवायचं असतं. तेजीत सोडली तर निदान दुसरीकडे हात मारता येतो. मंदीत सोडणाऱ्याला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निम्म्या पगाराचं कंत्राटी काम मिळालं तरी नशीब म्हणायचं.

या योजनांचं गणित बहुतेक ठिकाणी ओळखीचं असतं. केंद्र सरकारनं सार्वजनिक उपक्रमांसाठी १९८८ साली जी योजना आखली, तिच्यात सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दीड महिन्याचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांतली जी कमी ती रक्कम द्यायची होती. मे २००० मध्ये त्याच्या जोडीला ‘गुजरात पद्धत’ आली: झालेल्या प्रत्येक वर्षाचे ३५ दिवस, उरलेल्या प्रत्येक वर्षाचे २५ दिवस. २०१९ साली बीएसएनएल आणि एमटीएनएलनं हेच सूत्र वापरलं आणि महिन्याभरात दोन्ही मिळून ९२ हजारांवर कर्मचाऱ्यांनी अर्ज दिले. त्यांतले ७८,५६९ एकट्या बीएसएनएलचे.

हे सूत्र एका कामगाराला लावून पाहावं. समजा वय ४८, सेवा २४ वर्षं, निवृत्तीला १० वर्षं बाकी, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ३० हजार. चोवीस वर्षांचे पस्तीस दिवसांप्रमाणे ८ लाख ४० हजार, दहा वर्षांचे पंचवीस दिवसांप्रमाणे अडीच लाख. एकूण १० लाख ९० हजार. घरात एवढी रक्कम एकरकमी कधी आलेली नसते, त्यामुळे आकडा ऐकूनच माणूस निम्मा तयार होतो. पण हा आकडा म्हणजे छत्तीस महिन्यांचा पगार, आणि त्यावर काढायचे आहेत १२० महिने. ७ टक्के व्याजानं हे पैसे ठेवले तर महिन्याला सहा हजार साडेतीनशे रुपये येतात. शिवाय आयकरात यातले पाच लाखच माफ, तेही आयुष्यात एकदाच. वरचे ५ लाख ९० हजार त्या वर्षीच्या उत्पन्नात धरले जातात.

कंपनीच्या पत्रात मात्र १०.९० लाख हा आकडा बहुधा दिसत नाही. तिथे १८ किंवा २० लाख असतात, कारण ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि कधी कधी पीएफसुद्धा त्याच बेरजेत घातलेला असतो. वरच्या उदाहरणात ग्रॅच्युइटीच सुमारे चार लाख पंधरा हजार होते. कायद्यानं ती कामगाराचीच आहे. उद्या त्यानं साधा राजीनामा दिला तरी ती मिळणार. पीएफ तर त्याच्याच खात्यात पडून आहे. म्हणून माझ्यासमोर पत्र आलं की मी पहिल्यांदा कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढतो. डावीकडे जे आधीपासून त्याचंच आहे ते, उजवीकडे जे फक्त नोकरी सोडण्याबद्दल मिळतंय ते. नवऱ्यासोबत आलेल्या बाईंच्या ध्यानात ही रेघ सहसा आधी येते. घरखर्चाचं पाकीट त्याच सांभाळत असतात.

बीएसएनएलच्या लोकांनी घेतली, मग आपण का नको, हा प्रश्न शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर हमखास निघतो. बीएसएनएलची योजना पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी होती आणि दूरसंचार खात्यातून आलेल्या त्या मंडळींच्या पाठीशी सरकारी पेन्शन होतं. खासगी कारखान्यातल्या कामगाराला १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिचं पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होतं. पन्नाशीनंतर लवकर घेता येतं, पण दर वर्षामागे ४ टक्के कमी होऊन. २०१४ पासून हिशोबाचा पगार १५ हजारांवर थांबलेला असल्यानं चाळीस हजार कमावणाऱ्याचं पेन्शनही काही हजारांतच अडकतं. सूत्र एकच, पण पायाखालची जमीन वेगळी.

व्याजाच्या भरवशावर बसण्यातला धोका आदल्या पिढीनं सोसला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत १३ टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. पगाराएवढं व्याज घरबसल्या येईल, या हिशोबावर अनेकांनी गिरणी आणि कारखाना सोडला. मार्च २००३ मध्ये तोच दर ८ टक्क्यांवर आला. आज ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळतात आणि व्हीआरएस घेतलेल्याला साठीऐवजी पंचावन्नाव्या वर्षीच तिथे खातं काढता येतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला तो दरवाजा बंदच असतो.

कायदाही इथे कामगाराला जपत नाही. मालकानं कपात केली तर औद्योगिक विवाद कायद्यानं नोटीस, वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई आणि पुन्हा भरती निघाली तर आधी बोलावण्याचा हक्क मिळत होता. आपणहून सोडणाऱ्याला कपातीच्या व्याख्येतूनच वगळलं आहे, त्यामुळे यातलं काहीच लागू होत नाही. अर्ज मंजूर होण्याआधी मागे घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीयीकृत बँकांच्या व्हीआरएसच्या खटल्यात डिसेंबर २००२ मध्ये म्हटलं. पैसे स्वीकारून वापरलेल्यांना मात्र माघार दिली नाही. पुढच्याच वर्षी ए. के. बिंदल खटल्यात न्यायालय म्हणालं की ही रक्कम नोकरी आणि तिच्याबरोबरचे सगळे हक्क सोडण्याबद्दल असते. ती घेतल्यावर मागच्या पगारवाढीचा फरक मागता येणार नाही. आपल्याकडे करार तीन-तीन वर्षांचे असतात आणि मंदीत ते थकतात. करार थकलेला असताना व्हीआरएस घेणारा त्या फरकावरही पाणी सोडतो.

आपल्या जाण्यानं मालकाला काय मिळणार, हा प्रश्न कामगार क्वचितच विचारतो. मुंबईच्या गिरण्यांनी तो न विचारण्याची किंमत दाखवून दिली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. सातारा-सांगलीची त्यांत गावंच्या गावं होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या झाल्या. पुढच्या काळात व्हीआरएस घेऊन गावी परतलेल्यांच्या कागदावर दिवसांचा पगार मोजला होता, परळ-लालबागची जमीन कुठेच धरली नव्हती. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या साथीदारांच्या गिरणी कामगार संघर्ष समितीनं त्या जमिनीतला वाटा घरांच्या रूपानं मागितला आणि अनेक वर्षांच्या लढ्यानंतर तो काही प्रमाणात मिळाला. म्हाडाच्या २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, २०२० मध्ये ३,८९४. अर्ज लाखाच्या वर होते.

कंपनी बुडते आहे म्हणूनच हा कागद निघतो, हाही गैरसमज. साताऱ्याची महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ साली बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीत उभी राहिली. प्रिया स्कूटरसाठी लोक नंबर लावून थांबत, त्या दिवसांत तिथली नोकरी लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांची मोठी जमेची बाजू असायची. २००६ साली तिथलं स्कूटरचं उत्पादन थांबलं. कंपनी मात्र गुंतवणुकीच्या जोरावर भक्कम राहिली. ताळेबंद चांगला आहे म्हणून आपलं काम टिकेल, असं कामगारानं धरून चालायचं नाही. आपली लाइन, आपलं मॉडेल आणि नव्या मशिनरीवरचा खर्च कुठे चालला आहे, हे पाहायचं.

आणि नाही म्हणणाऱ्यानं आपण किती दिवस थांबू शकतो, हेही मोजायचं. तळेगावला जनरल मोटर्सनं डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं. हजारावर कामगारांनी पॅकेज नाकारून दाद मागितली. कारखाना विकण्याचा ग्रेट वॉल या वाहन कंपनीशी ठरलेला व्यवहार २०२२ मध्ये फिसकटला आणि ह्युंदाईशी करार झाला तो ऑगस्ट २०२३ मध्ये. मधली अडीच वर्षं ज्यांच्या घरात दुसरी कमाई होती, त्यांनाच तग धरणं सोपं गेलं. उलट सातारा-सांगलीत असेही सहकारी साखर कारखाने झाले, जिथे पगारच महिनोन्‌महिने थकले. मालकाच्या खिशात पैसे आहेत तोवर आलेला प्रस्ताव आणि खिसा रिकामा झाल्यावर मिळालेलं आश्वासन यांत फरक आहे. कर्ज थकलेल्या, ऑर्डर नसलेल्या कारखान्यात कमी दिसणारी रक्कमही वेळेत घेतलेली बरी, असा सल्ला मीही दिला आहे.

पाचगणीच्या बाजूच्या गावांत पैसे आल्यावर दोन बेत ठरलेले असतात. पहिला, वडिलोपार्जित जागेत चार खोल्या बांधून पर्यटकांना द्यायच्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. परवानगीवाचून उभ्या केलेल्या खोल्यांवर हातोडा पडू शकतो आणि परवानगी व्हीआरएसच्या चेकइतक्या झटपट हाती येत नाही. दुसरा बेत स्ट्रॉबेरीचा. परदेशी मातृरोपं, त्यांपासून केलेली रोपं, गादीवाफे, मल्चिंग पेपर, ठिबक, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लावणीची मजुरी असा सगळा खर्च पहिल्या फळाआधीच होतो, आणि तोडणीच्या दिवसांत अवकाळी पावसानं दोन दिवसांत फळ मऊ पडतं. ज्यांच्या घरात कुणी आधीपासून ही शेती करतं त्यांचं बस्तान बसतं. चोवीस वर्षं लेथवर घालवलेल्या माणसानं पहिल्याच हंगामात सगळे पैसे त्यात घालू नयेत.

इथून पुढे हे कागद बदलणार आहेत. १०० वा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागत असे. ती मिळवणं अवघड, म्हणून कंपन्या कायद्यापेक्षा जास्त पैसे देऊन माणसं कमी करत. पस्तीस दिवसांमागचं खरं कारण ते होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनं ही मर्यादा ३०० वर नेली. सातारा, मिरज, कुपवाडच्या वसाहतींतले कितीतरी कारखाने या दोन आकड्यांच्या मधले आहेत. त्यांना आता परवानगीची अडचण नाही आणि जास्त पैसे देण्याची निकडही नाही. म्हणून युनियननं व्हीआरएसच्या अटी मंदी येण्याआधी, साध्या तीन वर्षांच्या करारातच लिहून घ्याव्यात: वर्षामागे किमान दिवस किती, विचाराला किमान ४५ दिवस, पत्र मराठीत, हक्काचे आणि सोडण्याचे पैसे वेगवेगळ्या रकान्यांत, थकलेल्या कराराचा फरक वेगळा, आणि दोन वर्षांत भरती निघाली तर पहिली हाक जुन्या माणसाला. ऑर्डरी भरपूर असतात तेव्हा मालकाला ही कलमं फारशी जड जात नाहीत. ती मागायची वेळ तीच आहे.