डावा हात

तात्यांचं घड्याळ तिसऱ्यांदा टेबलावर आलं, तेव्हा मी ते उघडलं नाही. दोनदा उघडून झालं होतं. सिको फाइव्ह, आत ७एस२६ मशीन, एकवीस ज्वेल. पहिल्या खेपेला सगळं सुटं करून धुतलं, तेल दिलं. दुसऱ्या खेपेला मेनस्प्रिंग बदलली. जुन्नरला माझ्या दुकानात ते पूर्ण भरून कपाटात नुसतं ठेवलं, तरी चाळीस तासांच्या वर चालायचं. घाटघरला गेलं की पहाटे तीन-साडेतीनला बंद. मशीनमध्ये दोष नाही हे मला कळत होतं. पण गिऱ्हाइकाचं घड्याळ बंद पडतंय, तोवर दोष नाही म्हणायला तोंड नसतं.

श्रावणातल्या एका सुट्टीला मी स्वतःच ते घेऊन निघालो. आपटाळे, चावंड मागे टाकून घाटघरला पोचलो तर धुक्यात जीवधन पार बुडालेला. भाताची आवणी उरकलेली, बांधाबांधावरून पाणी वाहतंय. तात्या ओसरीवर खुर्चीत बसले होते. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डावा हात खुर्चीच्या हातावर, पालथा. तासभर बोलत होतो. चहा झाला, भाकरी झाली, तो हात तिथून हलला नाही.

मग माळशेजचा विषय निघाला. तात्या एसटीत ड्रायव्हर होते, कल्याणच्या गाडीवर कित्येक वर्षं. पावसाळ्यात दरड आली की गाडी कशी थोपवायची, वळणावर समोरून ट्रक आला तर काय करायचं, हे सांगताना त्यांचा डावा हात उठला. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. हवेतल्या हवेत ते गिअर टाकत होते. मी पुढे वाकलो. घड्याळातून बारीक घरघर ऐकू आली. रोटर फिरत होता.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून गिअर डाव्या हाताला आणि घड्याळही डाव्याच मनगटावर. माळशेज चढता-उतरता तो हात दिवसातून किती वेळा मागेपुढे होत असेल! इतकी वर्षं ते घड्याळ घाटाने भरलं होतं. आता घाट थांबला होता. मी दोनदा मशीन उघडलं आणि हाताची चौकशी एकदाही केली नाही, ही माझी चूक. तेव्हापासून ऑटोमॅटिक घड्याळ बंद पडल्याची तक्रार आली की मी आधी विचारतो, दिवसभर काय काम करता.

ज्यांनी फक्त चावीची घड्याळं वापरली, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझ्या वडिलांच्या दुकानात एचएमटी जनताचं राज्य होतं. १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरला सुरू झालेला तो कारखाना. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ उद्योग बंद करायचं ठरवलं, तरी जनता अजून दुरुस्तीला येते. तिला रोज सकाळी चावी द्यायची, संपलं. ऑटोमॅटिकमध्ये ही चावी हात देतो. आत अर्धचंद्राच्या आकाराचं एक जड वजन मधल्या खिळीवर मोकळं फिरतं, त्याच्या फिरण्याने स्प्रिंग भरते. इंग्रज कारागीर जॉन हार्वुड यांनी १९२४ मध्ये मनगटी घड्याळासाठी याचं पेटंट घेतलं. त्यांचं वजन पुरती फेरी घेत नसे, दोन बाजूंना आपटून परत येई. पुरती फेरी घेणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला. सिकोने १९५९ मध्ये दोन नख्यांची एक साधी तरफ बसवून रोटर कुठल्याही दिशेने फिरला तरी स्प्रिंग भरेल असं केलं. तात्यांच्या मशीनमध्ये तीच तरफ आहे. त्यात एक गोष्ट मात्र नाही. चावी फिरवून ते भरता येत नाही. चार वाजताच्या जागेवरची चावी फक्त काटे आणि वार-तारीख लावायला. चावीने भरता आलं असतं, तर रोज सकाळी वीस-पंचवीस वेढे द्या, एवढंच सांगून मी जुन्नरला परतलो असतो.

तात्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याचा फोन आला, “काका, मी वाइंडर घेऊन देतो. कुठला घेऊ?” त्याने चार-पाच फोटो पाठवले. एकात आतून निळा दिवा, एकाला काचेचं दार, एकात सहा घड्याळांची सोय. वॉच वाइंडर म्हणजे घड्याळ बसवायची फिरती उशी आणि तिच्यामागे लहानशी मोटर. माझ्याकडे लोक हल्ली याबद्दल बरंच विचारतात आणि बहुतेकांना मी नकोच म्हणतो. सेलवरच्या आणि चावीच्या घड्याळांना त्याचा उपयोग शून्य. एकच ऑटोमॅटिक रोज वापरणाऱ्या, चालत्याफिरत्या माणसालाही नको. चार घड्याळं आलटूनपालटून घालणाऱ्यालासुद्धा मी सांगतो की थांबलेलं घड्याळ बिघडत नाही. आजची तेलं जुन्या तेलांसारखी लवकर गोठत नाहीत. काटे सहाच्या आसपास नेऊन तारीख लावा, मग वेळ लावा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तेवढी तारीख बदलू नका, दात तुटतात. दोन मिनिटांचं काम आहे. लीप वर्षसुद्धा ओळखणारी कॅलेंडरची महागडी घड्याळं असतात. ती थांबली की पुन्हा लावणं खरोखर कटकटीचं, तिथे वाइंडर हवाच. आणि तात्यांसारख्या माणसाला हवा. हात शांत झालाय, पण घड्याळावरचा जीव तसाच आहे.

मुलाने फोटोंतलं एखादं मागवण्याआधी मी माझ्याकडचा वाइंडर तात्यांना नेऊन दिला. स्वस्तात घेतलेला, दुकानात शोभेला ठेवलेला. आठ दिवसांनी निरोप आला, घड्याळ थांबत नाही, पण दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे पळतंय. मी ते टेबलावर घेतलं आणि त्याच्यावर होकायंत्र धरलं. सुई थरथर कापायला लागली. मोटरच्या लोहचुंबकाने हेअरस्प्रिंग भारली होती. या स्प्रिंगचे वेढे केसासारखे बारीक. त्यांच्यात चुंबक शिरलं की ते एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ धावत सुटतं. डिमॅग्नेटायझरवर धरून ते एका मिनिटात बरं झालं. पण मी दिलेल्या वस्तूने तात्यांचं घड्याळ बिघडलं, याचं मला फार लागलं. वाइंडर घेताना पहिली परीक्षा होकायंत्राची, हे मी तिथून शिकलो. वाइंडर चालू करायचा आणि घड्याळ बसतं नेमक्या त्या जागी होकायंत्र धरायचं. सुई ओढली गेली, तर लाकूड कितीही सुंदर असो, परत करायचा.

मुलाला मी पुढचं एकेक सांगत गेलो. उशीचा कल बघ. वाइंडरमध्ये रोटर फिरतो असं लोकांना वाटतं. खरं उलट आहे. रोटर वजनामुळे खालीच लोंबत राहतो आणि घड्याळ त्याच्याभोवती फिरतं. म्हणून तबकडी आभाळाकडे करून आडवं फिरवलं, तर रोटर घड्याळाबरोबरच गोल जाईल आणि स्प्रिंग एक दातही भरणार नाही. घड्याळ उभं किंवा चांगलं तिरकं बसलं पाहिजे. मग दिशा. तात्यांच्या मशीनला कुठलीही चालते. पण ७७५० सारखी काही मशीनं एकाच दिशेने भरतात, दुसरीकडे रोटर नुसता भिरभिरतो. तिथे दिशा निवडायची सोय नसेल तर मोटर रात्रभर फुकट राबते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेऱ्या. चांगला वाइंडर सतत फिरत नाही. थोडा फिरतो, मग बराच वेळ थांबतो आणि दिवसाच्या ठरावीक फेऱ्या पुऱ्या करतो. साडेसहाशे, आठशे, हजार, असे आकडे निवडता येतात. जास्त फिरवलं म्हणून ऑटोमॅटिकची स्प्रिंग तुटत नाही. पूर्ण भरली की तिचं टोक बॅरलच्या भिंतीवरून घसरतं, तशीच ती बनवलेली असते. पण अखंड घसरत राहिली की भिंतीवरचं ग्रीस संपतं आणि झीज सुरू होते. म्हणून घड्याळ ज्या कमीत कमी फेऱ्यांवर चालू राहील, तोच आकडा योग्य. आणि हा आकडा चोवीस तासांचा असतो. तात्या दिवसा घड्याळ हातात घालणार, रात्री नऊ-दहा तास वाइंडरवर ठेवणार. म्हणजे आठशेतल्या निम्म्याही फेऱ्या त्याला मिळणार नाहीत. हे हिशेबात न धरल्यामुळे वाइंडर असूनही घड्याळ थांबल्याची तक्रार घेऊन माणसं येतात.

घाटघरला विजेचा प्रश्न वेगळा. पावसाळ्यात ती जाते-येते, कधी रात्रभर येतच नाही. काही वाइंडर वीज आली की मोजणी पहिल्यापासून सुरू करतात. रात्रीत सहादा वीज गेली तर सहादा नवा दिवस. म्हणून सेलवरही चालणारा घे म्हटलं. मखमलीची उशी आणि बंद पेटी नको म्हटलं, कारण तिथल्या दमट हवेत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा महिन्याभरात बुरशी धरते. शेवटी एका घड्याळाचा, उघडा, साधा काळा वाइंडर आला. होकायंत्राची सुई त्याच्यापुढे शांत राहिली. काकूंनी तो फळीवर ठेवून बघितला आणि त्याचं नाव पाळणा ठेवलं.

आकडा ठरवायला मात्र वेळ लागला. भरलेलं घड्याळ तसंही दीड दिवस चालतं, त्यामुळे एका रात्रीत काहीच कळत नाही. एकेक आकडा चार-चार दिवस ठेवायचा, असं ठरलं. घरात फोनला रेंज नाही, बांधावर मिळते. काठी टेकत तात्या रोज पहाटे तिथवर जायचे आणि मला मिस्ड कॉल द्यायचे. चालू असेल तर एक, बंद असेल तर दोन. साडेसहाशेवर तिसऱ्या दिवशी दोन आले. आठशेवर चारही दिवस एकेकच, पण चौथ्या दिवशी तात्यांनी मागाहून फोन करून सांगितलं की सेकंदकाटा कसनुसा चालतोय. काटा कसनुसा चालत नसतो, पण त्यांच्या मनाला ते लागून राहू नये म्हणून हजारावर नेलं. मग एक. एक. एक.

दसऱ्याच्या आसपास मला वाटलं, आकडा पुन्हा खाली आणून बघावा. तात्या आता काठीशिवाय बांधावर जात होते आणि परतताना खाचरातून फेरी मारून येत होते. हजाराचं आठशे केलं. मग साडेसहाशे. चौथ्या पहाटे पाच वाजता फोन वाजला आणि थांबला. मी अंथरुणात बसून दुसऱ्याची वाट पाहिली. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. आला नाही.