जड वायु

लालबागेंतील गॅस कंपनीची गल्ली अद्यापि त्याच नांवानें ओळखली जाते. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं वायूचे दिवे लागले, तो वायु दगडी कोळशापासून काढीत. तो विषारी खरा, परंतु हवेपेक्षां हलका. गळला तर वर जावयाचा. गॅस म्हणजे वर जाणारी वस्तु, एवढेंच आमच्या मॅट्रिकच्या विद्येंत पक्कें बसलें होतें. संस्कृताच्या अभ्यासानें त्यांत भर पडली नाहीं. नैयायिकांनीं धूमावरून अग्नि ओळखावयास शिकविलें. धुराच्या आधींच्या वासाविषयीं ते मुग्धच आहेत!

गेल्या आषाढांत एके पहाटे उठलों, तों स्वयंपाकघरांत उग्र वास. पावसामुळें दारें-खिडक्या बंद. आम्हीं लगबगीनें वरचा झरोका उघडला आणि मोठ्या समाधानानें दिव्याच्या बटणाकडे वळलों. इतक्यांत सूनबाई धांवत आली.

“मामंजी, बटणाला हात लावूं नका! हा गॅस खालीं बसतो!”

तिनें सिलिंडर बंद केला, खालीं चटईवर निजलेल्या नातवास उचललें आणि गॅलरीचें दार सताड उघडलें. रबरी नळीस तोंडाशीं चीर गेली होती. बर्मा-शेलनें १९५५ सालीं मुंबईंत विकावयास काढलेला हा बाटलींतला वायु हवेहून दीडपट-दुप्पट जड. त्याला मूळचा वासहि नाहीं. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात.

नारळी पौर्णिमेच्या आधीं एका जुन्या विद्यार्थ्यानें आपली मासेमारीची बोट पाहावयास भाऊच्या धक्क्यावर बोलाविलें. बर्फ, पाणी, तांदूळ भरणें चाललें होतें. पाहतों तों खलाशांच्या निजावयाच्या जागेशीं, अगदीं तळांत, चूल आणि सिलिंडर! घराला निदान उंबरठा असतो, त्यावरून वायु बाहेर वाहूं शकेल. बोट म्हणजे तळ मिटलेलें भांडें. त्यांत गळलेला वायु पाण्यासारखा साचतो, पण दिसत नाहीं. आणि पंपानें उपसावा तर पंपाच्याच ठिणगीचें भय. शेजारीं इंजिन आणि बॅटरी आहेतच.

“सर, इतकीं वर्षें असाच आहे, कांहीं झालें नाहीं,” विद्यार्थी हंसला. गृहपाठ न करतांहि पास झालों, हा त्याचा जुनाच युक्तिवाद.

तांडेल मात्र वयस्क होता. “मग ठेवूं कुठं, मास्तर?”

वर, उघड्यावर, उभा आणि दोरानें जखडून. पेटींत ठेविल्यास तिच्या बुडाशीं बोटीबाहेर जाणारें भोंक पाहिजे. रांधून झाल्यावर चुलीचाच नव्हे, सिलिंडरचाहि खटका बंद. सांध्यांना साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहावे. आम्ही जन्मभर हेंच शिकवीत आलों, अशा थाटांत बोललों. सूनबाईचें नांव घेतलें नाहीं, हें येथें कबूल करणें भाग आहे.

तिघांनीं सिलिंडर वर आणून बांधला. विद्यार्थी नाखूषच होता. जाळ्यांची जागा गेली.

घरीं येऊन सर्व हकीकत सांगितली. सूनबाईनें ऐकून घेतलें आणि विचारलें, “आणि मामंजी, नळी केव्हांची होती?”

तें आम्हीं पाहिलेंच नव्हतें. बोट दुसऱ्या दिवशीं निघावयाची होती. पहाटेच छत्री घेऊन पुन्हां धक्का गांठला.